भरधाव : सोडणारा आणि सुटलेला

घोड्याच्या चालींना संस्कृतात ‘धारा’ म्हणत. अमरकोशात त्या पाच आहेत : आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. घोड्यापुरता यांतला एकही शब्द मराठीच्या व्यवहारात उरला नाही. ‘प्लुत’ व्याकरणाच्या वाट्याला गेला, आणि ‘वल्गित’चा धातू आपण ‘वल्गना’ या रूपात माणसाच्या तोंडी दिला. मराठीने आपल्या चाली स्वतःच्या कानांनी आणि डोळ्यांनी घडवल्या : ‘दुडकी’त टापांचा ठेका ऐकू येतो, ‘चौखूर’मध्ये चारही खूर दिसतात. ‘भरधाव’मध्ये मात्र ठेकाही नाही आणि खूरही नाहीत. ‘भरदिवसा’, ‘भररस्त्यात’ यांतला पूर्णत्ववाचक ‘भर’ आणि ‘धाव’ एवढाच त्याचा संसार. म्हणूनच तो घोड्यावरून सहज उतरू शकला.

पदव्युत्तर वर्गात अर्थविस्तार शिकवताना मी हा शब्द घेतो. माझे विद्यार्थी मोशी, चाकण या बाजूंनी पुणे-नाशिक महामार्गाने येतात. ‘भरधाव’नंतर कोणते नाम येते, असे विचारले की ‘कंटेनर’, ‘डंपर’ अशी उत्तरे मिळतात. घोडा कोणालाच आठवत नाही. याला अर्थविस्तार म्हणून मोकळे होता येईल. मला खटकते ते व्याकरण. ‘त्याने घोडा भरधाव सोडला’ या वाक्यात ‘भरधाव’ क्रियाविशेषण आहे आणि सोडणारा कर्ता समोर आहे. लगाम कोणाच्या तरी हातात आहे. ‘भरधाव कंटेनरने दुचाकीस्वारास चिरडले’ या बातमीत तोच शब्द विशेषण होतो आणि कर्तेपण यंत्राकडे जाते. चालक पुढच्या वाक्यात ‘अज्ञात’ म्हणून येतो. अरुंद रस्ता, खड्डा, माल वेळेत पोचवण्याची सक्ती यांना तर वाक्यात जागाच नसते. वेग कोणी मोजलेला नसतो, तरी विशेषण निकाल देऊन टाकते.

एका विद्यार्थ्याचे वडील कंटेनर चालवतात. तो म्हणाला, “सर, तळेगाव चौकात गाडी तासभर हलत नाही. भरधाव कुठली?” शैलीविज्ञानाच्या परिभाषेत याला उत्तर नव्हते.

याच खेड तालुक्यातील बैलगाड्यांच्या घाटांत बैलांपुढे घोडी पळते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021मध्ये त्या पुन्हा सुरू करण्यास परवानगी दिली. घाटात वेग घड्याळावर मोजतात, आणि गाडा कोणाचा, घोडी कोणाची, हे ध्वनिक्षेपकावरून नावगावासह सांगतात.