ओळी जुळल्या, नावं गेली!

गेल्या सुट्टीत हॉस्टेलच्या जुन्या सर्व्हरवरचं सगळं नव्यावर हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खोल्या, मेस, डिपॉझिट. फाइल्स कॉपी केल्या, मायएसक्यूएलचा डम्प घेऊन नव्या मशीनवर चढवला. दोन्हीकडच्या ओळी मोजल्या, जुळल्या! ऐटीत क्लार्ककाकांना म्हटलं, "झालं काका. जुनं मशीन फॉरमॅट करू?"

"आधी अकोल्याची पोरं काढ. डिपॉझिट परत द्यायचंय."

एकही निघेना. 'अकोले'च्या जागी पंधरा चित्रविचित्र चिन्हं. घामच फुटला.

जुन्या टेबलांवर पाटी होती लॅटिन-१ची, आत मात्र यूटीएफ-८चे बाइट. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, मात्रासुद्धा वेगळी मोजायची. 'अकोले' म्हणजे पाच चिन्हं, पंधरा बाइट. डम्पने पाटीवर भरवसा ठेवला आणि एकेका बाइटचं एकेक अक्षर केलं. मग लॅटिन-१ सांगूनच नवा डम्प घेतला, तेव्हा बाइट जसेच्या तसे आले. फाइलमधली पाटी बदलून यूटीएफ-८-एमबी-४ केली आणि पुन्हा चढवलं. अकोले, पाथर्डी, जामखेड, सगळे हजर! जुनी डिस्क पुसली असती तर? नकोच तो विचार.

जिल्ह्याच्या रकान्यात 'अहमदनगर' आहे. ऑक्टोबर २०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर. बदलायला एक अपडेट पुरे. पण जुन्या पावत्यांवर छापलंय तेच राहू दे म्हटलं, नवीन नोंदी नव्या नावाने.

काकांनी रात्री नऊपर्यंत एकेक नाव रजिस्टरवर बोट ठेवून ताडलं. जुनं मशीन अजून त्यांच्या टेबलाखालीच आहे. फॉरमॅटचा विषय मी काढत नाही.