नक्षीच्या अक्षरात 'बुद्ध' नीट उमटावा

लग्नसराई आली की आमच्याकडे पत्रिकांचे मसुदे तपासायला येतात. वर 'नमो बुद्धाय' आणि 'जयभीम', मध्ये 'मंगल परिणय', खाली वधू-वरांची नावे. ही मोठी अक्षरे हल्ली कॉम्प्युटरवरच्या वळणदार, बोरूने लिहिल्यासारख्या फॉन्टमध्ये असतात. वेलांट्या वेलीसारख्या पसरलेल्या, उकाराची शेपटी पुढच्या अक्षराखालून गेलेली. दिसते सुंदर, यात वाद नाही. ज्या समाजाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या अक्षर येऊ दिले नाही, त्याने आपले नाव थाटात छापावे याचा आम्हांला आनंदच आहे.

पण याच सुंदर अक्षरांत 'बुध्द' छापलेले वारंवार सापडते. शब्दात द अर्धा आहे आणि ध पूर्ण. इथे नेमके उलटे झालेले असते. चूक होते कशी? ध ला उभा काना आहे, तो काढला की अर्धा ध तयार. द ला असा काना नाही, म्हणून पुढचा ध त्याच्या पोटाखाली लटकवावा लागतो. हे जोडाक्षर फॉन्ट काढणाऱ्याने वेगळे रेखाटायचे असते. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये अक्षरे तुकड्यांनी जोडत. 'द्ध'ची कळ शोधण्यापेक्षा अर्धा ध आणि द बसवणे ऑपरेटरला सोपे जाई. ती सवय अजून सुटलेली नाही. त्यात नक्षीच्या फॉन्टमध्ये खालची जागा शेपट्यांनीच खाल्लेली असते. (सम्राट अशोकाच्या लेखनिकांना ही अडचण नव्हती. त्या ब्राह्मीत जोड व्यंजन एकेरीच कोरीत, म्हणून लुंबिनीच्या स्तंभावर 'बुधे' आहे.)

संविधानाची इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने, तिरप्या वळणदार अक्षरात लिहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी सह्या केल्या. नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांची नक्षी पानांच्या कडेला आहे, चित्रे भागांच्या माथ्यावर आहेत. कलमांच्या अक्षरांवर काहीच चढलेले नाही.

आमच्या पुतणीच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाचे नाव सिद्धार्थ. छापखान्यातल्या मुलाने बरेच फॉन्ट लावून पाहिले, मग कंटाळून म्हणाला, "काका, एवढं कोण बघतंय?"

"नवरदेव बघेल की, बाळा," आम्ही म्हणालो.

शेवटी विहाराची पाटी रंगवणाऱ्या पेंटरदादांकडून 'बुद्ध' आणि दोन्ही नावे चपट्या टोकाच्या पेनने लिहवून घेतली आणि स्कॅन केली. तारीख, वेळ, विहाराचा पत्ता साध्या ठळक टायपात ठेवला. आमची आई प्रौढांच्या रात्रवर्गात वाचायला शिकलेली. तिने अक्षराखाली बोट धरून पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "जेवणाची येळ कुठं लिवलीया?"