फियाटवरचा मार्का

अमरावती, १४ मे

चि. बाळ,

तुझा फोटो काल रात्री जेवताना आला. ताट बाजूला सारलं ते सारलंच. फियाटच्या बॉनेटवर पाणीपेपर मारून मोकळा झालास, आणि वर विचारतोस की पट्ट्यांची स्टेन्सिल पुठ्ठ्याची कापू की एक्स-रेच्या फिल्मची! अरे पोट्ट्या, हे पेपर हातात घ्यायच्या आधी विचारायचं असतं. त्या बॉनेटवर अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, कुणाला साधं वर्तमानपत्र ठेवू दिलं नाही. मी एकदा पेरूची पिशवी ठेवली होती, त्याचं पुढे काय झालं ते आत्याला विचार.

असो. विचारलंस, तर सांगतो. पट्ट्यांना स्टेन्सिल नकोच. बॉनेट, छत, डिकी, सगळीकडे बाक आहे. ताठ पुठ्ठा असो की फिल्म, बाकावर कुठेतरी उचलणारच. गनची हवा त्याखाली शिरते आणि कड फिसकटते. पट्ट्याला टेपच लागते. कडेला बारीक प्लॅस्टिकची, तिच्यावर साधी मास्किंग टेप आणि मग कागद. आधी गाडीच्या मूळ रंगाचाच एक पातळ हात टेपच्या कडेवर मार. खाली झिरपायचं ते तेवढंच झिरपतं आणि फट बुजते. पट्ट्याचा रंग त्यानंतर. टेप काढायची ती रंग ठार वाळायच्या आत, मागे दुमडून, सावकाश. मध्य काढताना बॉनेटवरच्या कुठल्याही जुन्या खुणेवर विश्वास ठेवू नकोस. मूर्तिजापूरच्या फाटकावर धडकल्यापासून त्या गाडीच्या दोन बाजू सारख्या राहिलेल्या नाहीत. सुतळी ताण, दहा पावलं मागे जा आणि डोळ्याला विचार.

एक्स-रेची फिल्म दारावरच्या आकड्याला चालेल. दार बरंचसं सपाट आहे.

पण स्टेन्सिल हा शब्द वाचला आणि मी थेट अण्णांच्या प्रेसमध्ये जाऊन पोचलो. रुईच्या गाठी बांधून रांगेत लागायच्या आणि अण्णा टिनाचा कापलेला पत्रा घेऊन निघायचे. शून्याचं पोट गळून पडू नये म्हणून त्याला दोन बारीक पट्ट्यांनी धरलेलं असायचं. ब्रश ओढायचा नाही, ठोकायचा. रंग इतका कमी की ब्रश कोरडाच वाटावा, नाहीतर पत्र्याखाली पाझरून आठाचा डाग होतो. मी दहा वर्षांचा असताना एका गाठीवर ब्रश ओढला होता. अण्णांनी हात धरून म्हटलं, "हे नक्षी नोहे बाप्पा, हे आपलं नाव आहे."

तेव्हा कळलं नाही. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंगच्या कायद्यात गाठीवर कारखान्याचा मार्का आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं केलं होतं. कापसात पाणी मारलेलं निघालं, कचरा निघाला, तर माल कुठेही गेलेला असो, मार्का बघून माणूस दारात येणार. म्हणजे ती खूण शोभेची नव्हती. तो शब्द दिलेला होता.

मला आयुष्यभर खटकत आलंय ते हेच, शब्द न देता लावलेला मार्का. पानठेल्यावर उभ्या पाच मोटारसायकलींतल्या दोनांवर 'प्रेस' लिहिलेलं असतं. अण्णांची प्रेस नव्हे रे, वर्तमानपत्रवाली! विचारलं तर पेपर वाचतसुद्धा नाहीत. कुणी 'पोलीस' लिहितो कारण साळा शिपाई आहे. पूर्वी पेंटर तरी दोन प्रश्न विचारायचा. आता मशीन स्टिकर कापून देतं, ते कुणाला काय विचारणार? मार्का फुकट झाला की माल कुणाचा हे कुणी विचारत नाही, आणि मग कापसात पाणीच पाणी. माझं बोलणं लांबतंय म्हणून आत्या हसेल. हसू दे.

तुझे पट्टेही मार्काच आहेत, हे तुला ठाऊक आहे का? शर्यतीत देशादेशाला रंग ठरलेले होते. इटलीचा तांबडा, इंग्लंडचा हिरवा, अमेरिकेचा पांढरा, आणि त्यांच्या गाडीची चासी निळी. पुढे चासी बॉडीखाली झाकली गेली, तेव्हा निळ्याची आठवण म्हणून वर दोन निळे पट्टे आले. ब्रिग्ज कनिंगहॅम नावाच्या गृहस्थाने १९५१ मध्ये तशा पांढऱ्या-निळ्या गाड्या फ्रान्सात ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीला नेल्या. १९६५ मध्ये शेल्बीच्या मस्टँगवर ते पट्टे आले आणि मग जगभर ज्याच्या त्याच्या गाडीवर. म्हणजे मुळात ती झाकलेल्या हाडांची खूण.

आता आपली पद्मिनी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या कंपनीची, कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. फियाटचं नाव १९७४ मध्ये पद्मिनी झालं आणि आपली त्याच सालची. आरसी बुकात काहीही असो, घरात ती फियाटच. तिच्या बहिणी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळाल्या. आपली कुठे पळाली? अण्णा तिला चाळीसच्या वर नेत नसत. न पळालेल्या गाडीवर शर्यतीचा पट्टा म्हणजे...

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. मग आत्याच्या आजारपणाची ती रात्र आठवली. डावा दिवा बंद, पाऊस, मी खिडकीबाहेर बॅटरी धरून, मागे आईच्या मांडीवर आत्या. अकोल्याहून अमरावती अण्णांनी पावणेदोन तासांत गाठली आणि तेवढ्या वेळात एक शब्द बोलले नाहीत. रस्ता तेव्हा कसला होता! २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसमध्ये नाव लावलं. अण्णांना तेव्हा खड्डेच होते. म्हणजे त्या रात्री पळाली म्हणायची. एक पट्टा तिने कमावला आहे, दोन नाही. तोही अरुंद, ड्रायव्हरच्या बाजूने.

पण आत्ता नाही, बाळा. अकोल्याच्या मे महिन्यात त्या टिनाच्या शेडमध्ये गनमधून निघालेला रंग पत्र्यावर बसायच्या आत वाळतो, हात लावला की खरखर. पावसाळ्यात ड्यूको दमट हवेने पांढरा पडतो. शिवाय गाडीवर आधीचा रंग सिंथेटिक असेल, तर वरून मारलेल्या ड्यूकोचा थिनर त्याला चावतो आणि सुरकुत्या उठतात. डिकीच्या आतल्या बाजूला हातभर जागेवर आधी मारून बघ. गाडी पन्नाशी ओलांडून बसली आहे. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. तिकडे जायचं मनात असेल तर आधी आरटीओत पट्ट्याचं विचार.

आणि फोटोत कोपऱ्यात तो डबा दिसला, टू-के आणि हार्डनर. तो डबा पाहिल्यापासून मला झोप नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. चांगल्या माणसाला दमा लावतं ते, आणि तुला तर चौथीत असताना रात्र-रात्र बसवून ठेवावं लागायचं. रुमाल बांधून, धुळीचा मास्क लावून काही होत नाही. दार उघडं ठेवलं म्हणूनही होत नाही. ते काम ज्याच्याकडे बंद बूथ आणि बाहेरच्या हवेचा मास्क आहे त्याचं आहे, त्याला पैसे दे, मी देतो. तू फक्त टेप लाव.

बॉनेटवर आजच्या आज प्रायमरचा हात मारून घे, त्या टू-केच्या डब्यातला नको, साधा. पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरेल. मी दिवाळीनंतर येतो. अण्णांचा टिनाचा पत्रा माझ्याकडे आहे, आठ आणि शून्य दोन्ही शाबूत आहेत. हार्डनरचा डबा दुकानात परत कर आणि केल्याचा फोन कर. टेप उन्हात ठेवू नकोस, डिंक सुटतो.

तुझा
काका