धुराचे गाव

नकाशे वाचण्याचा मला जुना नाद आहे. नद्या, डोंगर आणि शहरे तर त्यांत दिसतातच. पण धीराने पाहिले, तर माणसेही भेटतात.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागाचा नकाशा पाहा. तेथील सीमा जणू पट्टी ठेवून आखल्या आहेत! १७८५ च्या कायद्याने तेथील जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत मोजण्यात आली. प्रत्येक चौकोनाचे एकेक चौरस मैलाचे ३६ भाग पाडले. अशा चौकोनाला ‘टाउनशिप’ म्हणतात. पुढे १८६२ च्या कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर, म्हणजे अशा एका भागाचा चौथा हिस्सा, मिळू लागला.

कॅन्सस राज्यात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ, निकोडेमस नावाची टाउनशिप आहे. सभोवार गवताळ माळ, झाडे विरळ, उन्हाळा कडक आणि हिवाळा बोचरा. १८७७ साली ह्या माळावर कृष्णवर्णीय लोकांनी निकोडेमस हे गाव वसविले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली होती. परंतु हक्काची जमीन आणि माणूस म्हणून मान त्यांना अजून मिळावयाचा होता. त्याच्या शोधात, त्या वर्षीच्या सप्टेंबरात केंटकी राज्यातून सुमारे ३०० माणसे तेथे आली.

जाहिरातपत्रकांत ह्या भूमीची मोठी स्तुती होती. प्रत्यक्षात घर बांधायला लाकूडही नव्हते. तेव्हा त्यांनी जमीन खोदून तिच्या पोटातच बिऱ्हाडे थाटली. १८७८ च्या वसंत ऋतूत विलियाना हिकमन ही स्त्री कुटुंबासह तेथे आली. ‘गाव आले!’ म्हणून बरोबरचे पुरुष आनंदाने ओरडू लागले. पण तिला गाव काही दिसेना. पतीने बोट दाखविले, तेव्हा जमिनीतून वर येणारा धूर तेवढा दिसला. तिला रडू कोसळले. पण ती माघारी फिरली नाही.

पहिल्या हिवाळ्यात अन्नाची चणचण पडली, तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी त्यांना आपल्यातला वाटा दिला. स्वतःची भूमी सोडावी लागलेल्या लोकांनीच भुकेल्यांचे दुःख ओळखले! पुढे शेते पिकू लागली. शाळेला इमारत मिळण्यापूर्वीच जेनी फ्लेचरबाई मुलांना शिकवू लागल्या होत्या. मी आयुष्यभर शाळेत रमलेला माणूस. त्यामुळे ह्या बाईंविषयी मला विशेष आदर वाटतो.

१८८८ साली मात्र घाला आला. ज्या रेल्वेची गाव डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होते, ती नदीपलीकडून गेली. दुकानदार आपली दुकाने घेऊन रुळांपाशी निघून गेले. १९३० नंतरच्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळे आली. घरे एकेक करून रिकामी होऊ लागली.

तरीही निकोडेमस पुसले गेले नाही. १९३९ साली चुनखडीच्या दगडांनी बांधलेले टाउनशिपचे सभागृह आजही उभे आहे. १९९६ साली ह्या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. तेथे आता मोजकीच माणसे राहतात. पण दरवर्षी जुलैच्या अखेरीस दूरदूरच्या शहरांतून त्या पहिल्या रहिवाशांचे वंशज मुलाबाळांसह येतात आणि मुक्तीचा उत्सव साजरा करतात.

नकाशावरच्या रेषा मोजणीदारांनी आखल्या. पण त्या चौकोनाला गाव केले, ते रडू आवरून दुसऱ्या दिवशी कुदळ हाती घेणाऱ्या माणसांनी.