पाच-पन्नास पंधरा

टायर या वस्तूशी माझी पहिली ओळख झाली ती मोटारीच्या चाकावर नव्हे, तर माझ्या स्वतःच्या पायात. मी चौथीत असताना वडिलांनी मला बाजारातून टायरच्या तळव्याची चप्पल आणली. इतर मुलांच्या पायांत कुरकुर वाजणाऱ्या कातडी चपला असत. माझी चप्पल मुकी होती आणि वजनाने विटेच्या बरोबरीची होती. मी रडवेला झालो. वडील म्हणाले, "अरे, टायर आहे तो! तू झिजशील, पण तो झिजायचा नाही." आणि ते खरेच ठरले. चप्पल झिजली नाही. माझाच पाय वाढला आणि ती धाकट्या भावाकडे गेली. टायर म्हणजे न संपणारी वस्तू, हा सिद्धान्त तेव्हापासून माझ्या मनात घट्ट बसला. तोच पुढे माझ्या मुलीच्या जिवावर उठेल, असे कोणी सांगितले असते तर मी त्याला हसलो असतो.

मी शाळामास्तर. मुलांना गणित शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षणात माझी गाडी मॅट्रिकच्या पुढे गेली नाही आणि घरात गाडी म्हणजे सायकल. मोटार माझ्या आयुष्यात आली ती लग्नामुळे. माझे सासरे साखर कारखान्यात इंजिनियर होते आणि कोल्हापुरातल्या त्यांच्या वाड्याच्या पडवीत १९५१ सालची एक एम.जी. टी.डी. उभी असे. गर्द तांबडा रंग, लांब नाक, कापडी टप आणि बसायला जागा फक्त दोघांना. हिच्या आधीच्या टी.सी.ला १९ इंचांची, तारांच्या आऱ्यांची उंच चाके होती. टी.डी.ला १५ इंचांची पत्र्याची चाके आली, तेव्हा इंग्लंडातल्या जुन्या शौकिनांनी नाके मुरडली होती. तरीही १९५३ पर्यंत अशा सुमारे ३० हजार गाड्या विकल्या गेल्या. त्यांतली एक फिरत फिरत सासऱ्यांकडे आली होती. रविवारी सकाळी ते सासूबाईंना शेजारी बसवून रंकाळ्यावर नेत. दोघांचीच जागा असल्यामुळे मुलांना बरोबर नेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. सासूबाईंच्या संसारातला तेवढाच वेळ निव्वळ त्यांचा होता.

२००७ साली सासरे गेले. मेहुणा पुण्यात नोकरीला. तो दसऱ्याला येऊन गाडी सुरू करी, अंगणात पुढे-मागे करी आणि पुन्हा झाकून ठेवी. टायर सासऱ्यांनी बसवलेलेच होते. ते कोणी बदलायचे नाहीत, असा सासूबाईंचा दंडक होता. "ह्यांनी स्वतः गुडघे टेकून बसवलेत," एवढेच त्या म्हणत आणि विषय संपे.

२०२४ च्या दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचे तोरण बांधले, हळदकुंकू वाहिले. मेहुणा चाकाकडे पाहत म्हणाला, "दाजी, टायर फार जुने झालेत हो." मी जावई, शिवाय मास्तर. मत विचारले की ते दिल्याशिवाय मला राहवत नाही. मी काडेपेटीतली एक काडी काढून टायरच्या खाचेत उभी धरली. काडीचे गूल पुरते बुडाले. "नक्षी जशीच्या तशी आहे!" मी निकाल दिला. सासूबाईंचा चेहरा उजळला. चाकाखाली ठेवलेले लिंबू चिरडून मी गाडी बाहेर काढली. शेजारी माझी अकरा वर्षांची मुलगी बसली आणि आम्ही पन्हाळ्याच्या वाटेला लागलो.

ऑक्टोबरचे ऊन डांबरावर तापले होते. वेग बेताचाच होता. एकाएकी पुढच्या डाव्या चाकाखाली पत्र्यावर काठी आपटल्यासारखा आवाज झाला, लागलीच दुसरा मोठा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढ घेऊ लागली. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो, हे मला नंतर कळले. मी तो सर्व ताकदीनिशी दाबला. डावीकडे आपट्याच्या फांद्यांचा भारा लादून एक पोरगा सायकलवर चालला होता. आमच्या मडगार्डाने त्या भाऱ्याची पाने ओरबाडली आणि गाडी शेतात उतरून थांबली. पोराला खरचटलेसुद्धा नाही. त्याने मागे वळून फक्त पाहिले. माझी मुलगी रडली नाही, ओरडली नाही. ती गाडीतून उतरली, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात, टायर चांगला आहे."

वर्गात गणित चुकले तर ते मला फळ्यावर पुसता येते. हे पुसता येईना.

फाटलेला टायर घेऊन मी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्याकडे गेलो. त्याने तो हातात घेऊन बगल वाकवली, तशा तिच्यावर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा उमलल्या. "मास्तर, ह्यो टायर न्हाई, पापड हाय," तो म्हणाला. मग त्याने टायरच्या कडेला उठवलेले चार अंक बोटाने पुसून दाखवले : १४०२. म्हणजे २००२ सालचा चौदावा आठवडा. २००० सालापासून टायरवर जन्मतारीख अशी चार अंकांत लिहितात. आधी आठवडा, मग साल. मी बावीस वर्षांच्या टायरची नक्षी मोजली होती, वय विचारले नव्हते. रबर नुसते धावून झिजत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू व ओझोन त्याला उभ्या जागी म्हातारे करतात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांनंतर टायर चाकावर ठेवू नये, असे कित्येक टायर बनवणारेच सांगतात.

त्या दिवाळीत सगळे वाड्यावर जमले. अंगणात पोरे किल्ला बांधत होती आणि पडवीत मोठ्यांची सभा भरली होती. विषय एकच : चाकांवर आता काय चढवायचे?

मेहुण्याचा मुलगा इंजिनियरिंगला आहे. तो म्हणाला, "काका, चाकंच नवी घेऊ. रुंद, चकचकीत ॲलॉयची. त्यांवर १८५/६० आर १५ चढवू. तेही पंधराच इंची! आणि टी.सी.ची १९ इंची चाकं टी.डी.ला कंपनीनंच १५ केली ना? मग आपण बदल केला तर काय बिघडलं?"

प्रश्न चोख होता. मी खडू घेऊन पडवीच्या फरशीवर बसलो. त्या आकड्यांतला १८५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे रुंदीच्या शेकडा किती उंच त्याची बगल, आणि १५ म्हणजे आतल्या चाकाचे इंच. चाक पंधराचे असले म्हणून टायरचा घेर तोच राहतो असे नाही. ही गाडी आखली गेली ५.५०–१५ या टायरवर. पाच-पन्नास ही त्याची इंचांतली रुंदी, आणि बाहेरून बाहेर व्यास २६ इंचांच्या आसपास, म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटर. भाच्याच्या टायरचा व्यास भरतो ६०३. पहिले चाक एका किलोमीटरला सुमारे ४८२ फेरे घेते, दुसरे ५२८. गाडीचा मीटर बिचारा फेरेच मोजतो. तो ५० मैल दाखवील, तेव्हा गाडी खरी धावत असेल ४६ मैलांनी. इंजिन उगीच जास्त ओरडेल आणि गाडीचे पोट जमिनीकडे इंचभर झुकेल. शिवाय १८५ चा टायर तिच्या मूळच्या चार इंची अरुंद रिमवर नीट बसत नाही, म्हणून रुंद चाके घ्यायची. रुंद चाके घेतली की स्टिअरिंग जड होणार, वळताना टायर कशाला घासतो ते पाहावे लागणार आणि बेअरिंगवरचा ताण वाढणार. कंपनीने चाक १९ चे १५ केले खरे, पण ते एकटे बदलले नव्हते. त्याबरोबर नवी चासी दिली, पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा दिल्या, स्टिअरिंगची रचना बदलली.

भाचा फरशीवरच्या आकड्यांकडे पाहत राहिला. इतका वेळ वाती वळत बसलेल्या सासूबाई मध्येच बोलल्या, "माझ्या माहेरी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची असली, की लोहार आधी चाकाचा घेर मोजायचा. धाव सैल झाली तर निसटते आणि फार आवळली तर आरे मोडते. चाक बघून धाव करायची, धाव बघून चाक नाही." ज्यासाठी मी अर्धी फरशी खडूने भरवली, ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितले.

"मग आई, टायर बदलायचे ना?" मेहुण्याने संधी साधली.

"फुटलेला बदला. बाकीचे राहू द्या."

यावर कोणी काही बोलेना. शेवटी गाडीची जुनी बिले शोधायला मी सासऱ्यांचे कपाट उघडले आणि त्यांची वही हाती लागली. तेल कधी बदलले, पाटे कधी सोडवले, सारे तारीखवार. २००२ च्या पानावर त्यांच्या सरळ अक्षरात लिहिले होते : "५.५०–१५ कोठेच मिळत नाहीत. तूर्त ॲम्बॅसडरचे ५.९०–१५ बसवले. हँडल किंचित जड. सहा वर्षांनी, नक्षी असली तरी, बदलणे."

मी ते मोठ्याने वाचले. ज्यांना आम्ही गाडीचे मूळचे टायर समजून जपत होतो, ते अडीअडचणीला घेतलेले उसने जोडे होते. घराण्यातलेच म्हणा, कारण ॲम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घडली आणि एम.जी. म्हणजे मूळचे 'मॉरिस गॅरेजेस'. पण सहा वर्षे २००८ साली भरणार होती आणि सासरे २००७ साली गेले. सासूबाईंनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. नंतर वाती बाजूला सारून म्हणाल्या, "सोळा वर्षं उशीर झाला. काढा सगळे."

पुढचा प्रश्न जुन्या पद्धतीचा टायर घ्यायचा की रेडियल. जुन्या टायरातले धागे चटईसारखे तिरके, एकमेकांवर आडवेतिडवे असतात. रेडियलमधले बैलगाडीच्या आऱ्यांसारखे सरळ, आणि वर नक्षीखाली पट्टा. फ्रान्समध्ये मिशलिनने १९४६ साली याचे पेटंट घेतले. रेडियलची बगल लवते, पण जमिनीला टेकणारा भाग सपाट राहतो. त्यामुळे पकड चांगली राहते आणि टायर तापतोही कमी. मिस्त्र्याचे म्हणणे, काहीही घ्या, पण एका आसावर दोन जाती नकोत. ट्यूब मात्र हवीच, कारण इतक्या जुन्या रिमला ट्यूबलेस टायरची कड अडवून धरणारा उंचवटा नसतो. मी पुन्हा खडू घेतला. १६५/८० आर १५ चा व्यास ६४५ मिलिमीटर. मूळच्यापेक्षा दीड सेंटीमीटरच कमी, मीटरच्या पन्नासाला खरे एकोणपन्नास, आणि चार इंची रिमवर नीट बसणारा. पाचही तेच घ्यायचे ठरले, कारण जादा चाकालाही वय असते. टायर परदेशातून मागवावे लागले. माझ्या वाट्याला दोन महिन्यांचा पगार आला. तो मी आपण होऊन मागून घेतला.

त्या दिवसांत मी एम.जी.विषयी मिळेल ते वाचत होतो. या गाड्यांना ज्याने रूप दिले तो सेसिल किंबर १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेला. बोगद्यातल्या चढावर इंजिनाची चाके नव्या रुळावर घसरू लागली, गाडी मागे आली आणि शेवटचा डबा रुळांवरून उतरला. वेगाच्या गाड्या घडवण्यात ज्याची उमर गेली, त्याच्या मृत्यूला चाकाची सुटलेली पकड कारण झाली. ते वाचले आणि मला सायकलवरचा तो पोरगा आठवला. त्या रात्री झोप आली नाही.

जुने टायर मुलांनी किल्ल्यासाठी मागून घेतले. त्यांच्यावर माती लिंपून तटबंदी झाली, अळीव पेरले आणि ज्या नक्षीच्या खाचांत मी काडी बुडवली होती त्यांत मावळे उभे राहिले. सासूबाईंनी संध्याकाळी तिथे एक पणती नेऊन ठेवली.

नवे टायर फाल्गुनात आले. २०२५ च्या गुढीपाडव्याला गाडी बाहेर काढली. पहिल्या फेरीला सासूबाई बसल्या. मेहुण्याने त्यांना रंकाळ्यावर नेऊन आणले. उतरल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "हँडल हलकं वाटतंय नाही?" हँडलाला त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता.

माझी मुलगी दसऱ्यापासून गाडीजवळ फिरकली नव्हती. मी तिला बोलावले नाही. तो हक्क मी गमावला होता. ती आपण होऊन आली, प्रत्येक चाकापाशी उकिडवी बसली आणि चार अंक वाचून दाखवू लागली. "चाळीसावा आठवडा, चोवीस. चाळीसावा आठवडा, चोवीस." पाठीमागच्या जादा चाकाचेही वाचले. मग आत जाऊन आजोबांची वही आणि पेन घेऊन आली.

"लिहा," ती म्हणाली.

सासऱ्यांच्या ओळीखाली मी लिहिले : "१६५/८० आर १५, पाच नग, ट्यूबसह. २०३२ च्या आत, नक्षी असली तरी, बदलणे." तिने ते वाचले, वही माझ्या हातून घेतली आणि शेवटी आपल्या अक्षरात भर घातली : "बाबा विसरले तर मी." मग वही गाडीच्या कप्प्यात ठेवून ती माझ्या शेजारी येऊन बसली.