तेलाच्या डब्यांमागची गोणी

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. तिथे तेलाच्या डब्यांमागे एक रिकामी गोणी घडी घालून ठेवलेली असते. तागाची, ५० किलो तांदळाची, शिवण उसवून सपाट केलेली. तांदूळ संपला की गोणीला बहुधा पायपुसण्याचं जिणं येतं. हिच्या वाट्याला जखमी कुत्री वाहून न्यायचं काम आलं.

आरटीसी क्रॉस रोड्सची थिएटरं रात्री सुटली की गाड्यांचा लोंढा नारायणगुड्याकडे निघतो. मेट्रोच्या खांबांआडून कुत्री रस्ता ओलांडतात आणि एखाद्याच्या मागच्या पायांवरून चाक जातं. माणसं जमतात, हळहळतात. कुणी तोंडात पाणी ओतू बघतं. अर्धवट शुद्धीतल्या जिवाच्या ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अंगाला हात लावायला मात्र कुणी धजत नाही, आणि ते योग्यच आहे. कळवळणारं कुत्रं रोज भाकरी घालणाऱ्यालाही चावतं.

तेवढ्यात कुणीतरी गोणी आणतं. तिचा मोठा गुण तिचा खरखरीतपणा. प्लास्टिकच्या पोत्यावरून अंग घसरतं, तागावर ते ठरतं. पाठीच्या बाजूने ती सरकवायची आणि कणा वाकू न देता कुत्र्याला हळूहळू तिच्यावर ओढून घ्यायचं. एक पदर डोळ्यांवर टाकला की धडपड पुष्कळदा निवते. जबड्याला ओढणीची पट्टी बांधतात. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तीही नाही.

एकट्याने ही गोणी धड उचलता येत नाही. म्हणून तर ती मला प्रिय आहे. एका कोपऱ्याला सिटी सेंट्रल लायब्ररीतून परीक्षेची पुस्तकं मिटून निघालेला पोरगा, दुसऱ्याला इडलीची बंडी लावणारे अन्ना, तिसऱ्याला दुकानदार, चौथ्याला मी. "अन्ना, पट्टुको!" "भाई, आहिस्ता!" रिक्षावाला सीटवर जुने पेपर पसरतो. नारायणगुड्याचा सरकारी जनावरांचा दवाखाना जवळ. अमला अक्किनेनींनी १९९२ साली सुरू केलेली ब्लू क्रॉस संस्था लांब, जुबिली हिल्सला.

गल्लीत याला विरोधही आहे, आणि त्यामागचं दुःख खरं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथून जवळच अंबरपेटला भटक्या कुत्र्यांनी चार वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. त्यानंतर ज्या आईला कुत्र्याची सावलीही नकोशी झाली, तिला भूतदया शिकवायचा अधिकार मला नाही. मी तिला एवढंच सांगते, की दुखणं घेऊन जिन्याखाली दडलेलं, लस न टोचलेलं कुत्रं तुमच्या लेकराला जास्त धोक्याचं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी आणि रेबीजची लस झालेलं कुत्रं पुन्हा त्याच्याच जागी सोडायचं ठरलेलं आहे. कानाला खाच दिसली की ओळखावं, याचं झालेलं आहे. गोणीवरून गेलेलं कुत्रं वाचलं, तर ही खाचही घेऊन येऊ शकतं.

सगळीच वाचत नाहीत. काही वाटेतच जातात, आणि मग त्याच गोणीत गुंडाळून मातीआड होतात.

एरवी परत आल्यावर आधी माणसांचे हात बघायचे. ओरखडा दिसला तर साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. मग गोणी साबणात भिजते, उन्हात दिवसभर पडते. गेल्या पावसात ती लवकर वाळेना, तेव्हा दुकानदाराने न सांगता दुसरी गोणी उसवून ठेवली आणि तिच्या घडीत सुती कापडाची पट्टी खोचून दिली.