सासूबाईंचे चॉप

सासूबाईंनी आजवर स्वतःसाठी माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. गेल्या दिवाळीत मात्र मुलगा वसईहून आला, त्याने एक भले मोठे खोके स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले, आणि त्या खाटेवरूनच म्हणाल्या, "ह्यात चॉप होतात म्हणे. मऊ होतील का गो?"

त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. खालची कवळी, वरचे स्वतःचे दात चारच. डुकराचे मांस त्यांनी सोडले त्याला सहा-सात वर्षे होऊन गेली होती. सोडले ते काही व्रत म्हणून नव्हे. चावत नाही म्हणून. नाताळच्या दिवशी आम्ही सर्व जेवायला बसलो की त्या पावाचा तुकडा रश्शात बुडवून खात आणि "मला एवढेच पुरे" म्हणत. ते 'पुरे' खरे नव्हते हे त्या प्रश्नावरून मला कळले, आणि थोडी लाजच वाटली.

त्यांचे बालपण वसईचे. त्यांच्या माहेरी सणाला डुक्कर कापले जाई, आणि पाठीकडचे, हाडासह काढलेले जाड तुकडे त्यांची आई मिरी, लसूण, व्हिनेगर आणि बाटली मसाला लावून तव्यावर परतून काढी. (उन्हाळ्यात कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला हा मसाला आमच्याकडे अजूनही वसईहूनच येतो.) "हनुवटीवरून रस ओघळायचा," असे त्या सांगतात. मी मात्र लग्न होऊन १९८१ साली भुसावळच्या रेल्वे वसाहतीत आले, तेव्हापासून ह्या घरात जे चॉप खाल्ले त्यांतून रस काही ओघळला नाही. कारण उघड आहे. चॉप आम्ही आधी कुकरमध्ये घालत असू. सहा शिट्ट्या. मग तेलात तळत असू. निघे ते चामडे.

असे का करीत होतो? भीतीपोटी. भुसावळला आमच्या आसपास गोव्याची, तमिळ, अँग्लो-इंडियन अशी कितीतरी कॅथलिक कुटुंबे होती. पण बाजारात डुकराच्या मांसाचे उघड दुकान नव्हते. नाताळच्या आधी कोणीतरी निरोप आणी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले मांस पहाटे घरात येई. ते कुठले, जनावराने काय खाल्ले, कोणी तपासले का, हे विचारण्याची सोय नव्हती. "डुकरात जंत असतात, ते मेंदूत जातात," एवढे प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते, आणि कुकरच्या शिट्ट्या ही त्यावरची एकमेव लस होती.

ह्या समजुतीतले अर्धे खरे आणि अर्धे चुकीचे, हे मला कळले ते धुळ्याला. माझी नणंद तेथे राहते. तिच्या शेजारच्या एका तरुण मुलाला अचानक फिट आली. घर पूर्ण शाकाहारी, अंडेसुद्धा नाही. मेंदूचे छायाचित्र काढले तर त्यात जंताची गाठ. त्याच्या आईला धक्काच बसला. "आम्ही तर ते कधी शिवलोही नाही" म्हणून ती रडू लागली. डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावले, ते नणंदेने मला जसेच्या तसे सांगितले. कच्च्या राहिलेल्या दूषित मांसातून माणसाच्या आतड्यात मोठा जंत वाढतो. मेंदूतल्या गाठी मात्र त्या जंताच्या अंड्यांपासून होतात, आणि ती अंडी माणसाच्याच विष्ठेतून पाण्यात, मातीत, भाजीवर येतात. म्हणजे न धुतलेली कोथिंबीर आणि न धुतलेले हात हेही तितकेच मोठे अपराधी. औषधांनी मुलगा बरा झाला. पण त्या दिवसापासून मी भाजी तीन पाण्यांतून काढते, आणि सहा शिट्ट्यांवरचा माझा विश्वास डळमळीत झाला.

आता त्या खोक्याविषयी. एअर फ्रायर हे नाव फसवे आहे. त्यात काहीच तळले जात नाही. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. पंखा गरम हवा पदार्थाभोवती वेगाने फिरवतो, पृष्ठभागावरचा ओलावा उडतो आणि पदार्थ वरून खरपूस होतो. थोडक्यात, लहानशी बंद भट्टी. फिलिप्स कंपनीने हे यंत्र २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले. मुलगा हे सगळे समजावून सांगत होता तेव्हा मला हसू येत होते. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि दुपारची झळ अंगावरून वाहते, तेव्हा आम्ही जळगावकर दुसऱ्या कशात बसलेलो असतो?

पहिला प्रयोग फसला. मुलाने बर्फाच्या डब्यात घालून सुरत-नंदुरबारमार्गे आणलेले चॉप मी मसाला चोळून टोपलीत घातले, आणि जुनी भीती मनात असल्यामुळे दोनशे अंशांवर चांगली पंचवीस मिनिटे ठेवले. बाहेर आले ते जोड्याचे तळवे. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात घोळवला, हळूच रुमालात काढला आणि म्हणाल्या, "मसाला छान लागलाय."

नेमकी चूक मला एका वांग्याने दाखवली. शेजारच्या ताई लेवा पाटलांच्या. त्यांचे शेत यावल तालुक्यात, बामणोदच्या बाजूला, आणि तेथली भरताची वांगी साऱ्या खानदेशात नावाजलेली. हिवाळा लागला की त्या आम्हाला शेतावर नेतात. पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, वांग्याला तेलाचा हात लावायचा, टोचे मारायचे आणि फिरवत फिरवत भाजायचे. मी भाजलेले वांगे लगेच सोलायला घेतले, तर त्यांनी माझा हात धरला. "थांबा वहिनी. झाकून ठेवा थोडं. आत्ता फोडलं तर सगळं पाणी ताटात जाईल." कळण्याच्या भाकरीबरोबर ते भरीत खाताना माझ्या डोक्यात मात्र चॉपच फिरत होते.

घरी येऊन मी मुलाला फोन केला आणि त्याने थोडी माहिती काढून दिली. पाठीकडच्या ह्या मांसात चरबी आत मुरलेली नसते, ती कडेला असते. म्हणून ते जास्त तापले की तंतू आवळतात आणि पाणी बाहेर पिळून टाकतात. खांद्याचे मांस तासन् तास शिजवले तर मऊ होते, त्याचे सोरपोतेल उत्तम होते; चॉपचे तसे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली अखंड तुकड्यांसाठीची मर्यादा ७१ अंशांवरून ६३ अंश सेल्सिअसवर आणली, वर तीन मिनिटे विसावा. खिम्याला मात्र ७१च. आपल्याकडे प्रत्येक मांसाची तपासणी झालेली असतेच असे नाही, म्हणून मी ७० अंशांवर थांबायचे ठरवले. ते मोजायला टोचायचा तापमापक मागवला. सहा शिट्ट्यांच्या जागी एक आकडा आला, आणि मनावरचे ओझे खरोखरच उतरले.

नाताळच्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपून आल्यावर मी असे केले. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ आणि लिंबाएवढा गूळ विरघळवून त्यात इंचभर जाडीचे चॉप दीड तास फ्रिजमध्ये बुडवून ठेवले. मिठामुळे मांसाचे तंतू सैलावतात आणि पाणी धरून ठेवतात. मग ते फडक्याने अगदी कोरडे पुसले. ओला तुकडा वाफाळतो, खरपूस होत नाही. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा दिल्या, नाहीतर तुकडा वाटीसारखा वळतो. मिरी, लसूण, चमचाभर व्हिनेगर, बाटली मसाला आणि थोडे तेल. मीठ पुन्हा नाही. सासूबाईंना रक्तदाब आहे. यंत्र आधी पाच मिनिटे तापवले, टोपलीत एकावर एक न ठेवता दोनच चॉप मांडले, १९० अंशांवर सहा मिनिटे एक बाजू, मग उलटून दुसरी. पाचव्या मिनिटाला तापमापक टोचला: ६८. आणखी एक मिनिट. मग ताटलीत काढून वर दुसरी ताटली झाकली आणि घड्याळाकडे पाहत पाच मिनिटे बसले. ती पाच मिनिटे संपता संपेनात.

सासूबाईंनी पहिला घास बराच वेळ चावला. कोणी बोलले नाही. मग त्यांनी हाड हातात घेतले. हनुवटीवर रस आला होता. नातीने पुसायला रुमाल पुढे केला तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

एवढ्यात दार वाजले. शेजारच्या ताई नाताळच्या शुभेच्छा द्यायला आल्या होत्या. येथे एक कबुली द्यायला हवी. यजमानांच्या निवृत्तीनंतर २००४ साली आम्ही जळगावच्या ह्या इमारतीत आलो. सारे शेजारी शाकाहारी. तेव्हापासून घरात डुकराचे मांस शिजले की मी खिडक्या लावून घेई आणि दोन उदबत्त्या पेटवी. ही मंडळी भारीच भाविक, असे जिन्यावर बोलले जाई. त्या दिवशी मात्र यंत्र बंदिस्त म्हणून मी निर्धास्त होते; उदबत्ती लावलीच नव्हती.

"कशाचा हो इतका छान वास?" ताईंनी विचारले. मी 'मटण' म्हणणार, तोच सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "डुकराचे चॉप."

ताई क्षणभर थांबल्या. "असं का," म्हणाल्या, शुभेच्छा दिल्या आणि बसल्या नाहीत. मी सासूबाईंवर रागावले नाही. पण वीस वर्षांचा शेजार त्या दोन शब्दांवर लटकला आहे, असे वाटत राहिले. दहा-बारा दिवस जिन्यात फक्त मान हलवणे झाले.

जानेवारीत एका संध्याकाळी त्या दोन मोठी वांगी घेऊन आल्या. शहरात पऱ्हाट्या कोठून आणणार, सुनेला लवकर भरीत हवे आहे, तुमच्या यंत्रात भाजून होईल का, असे विचारू लागल्या. मग स्वतःच थबकल्या. "त्यात ते केलं होतं ना?"

"हो," मी म्हटले. "घासून ठेवलंय, पण केलं होतं."

त्यांनी थोडा विचार केला. "मग राहू द्या वहिनी. मी गॅसवरच भाजते." वांगी घेऊन त्या गेल्या. रात्री आठच्या सुमारास त्यांचा नातू भरिताचा डबा घेऊन आला. वर शेंगदाणे आणि कांद्याची पात, नेहमीसारखीच. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत दोन्ही घरांची. मी घरात शोधले. नाताळच्या नेवऱ्या सहा उरल्या होत्या. त्या भरल्या, आणि बेताने गरम तुपात तळलेल्या आहेत, कढई वेगळी आहे, एवढे त्या मुलाला दोनदा सांगून पाठवले.